शेतमजुरांना पाठिंबा द्यायचाय तर आधी त्यांना विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या स्थलांतरित शेतमजुरांबद्दल मराठी पेपरात जे काही येतं ते बहुतेक व्हिसा, बॉर्डर आणि धाडी एवढ्यापुरतंच असतं, हेच मजूर युनियन बांधतात, संप करतात आणि मोठमोठ्या कंपन्यांना करारावर सही करायला लावतात हे फारसं वाचायला मिळत नाही. मी बरीच वर्षं इथे राहते, शेतात काम करणारी नाही पण त्यांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या लोकांमध्ये माझं येणंजाणं असतं. या लढ्यांत बाहेरच्या लोकांच्या मदतीने खूप फरक पडलाय, पण काय करायचं हे जेव्हा मजुरांनी ठरवलं आणि बाकीच्यांनी ऐकलं तेव्हाच, आणि नेमकं हेच चांगल्या मनाची माणसं विसरतात म्हणून हे पत्र.

मजुरांचे हाल वाचले की माणसाच्या मनात पहिला विचार येतो तो बहिष्काराचा, आजपासून ही फळं घेणार नाही, ती कंपनी बंद. भावना अगदी खरी असते. पण माल खपला नाही तर पहिलं काम जातं ते तोडणी करणाऱ्याचं, त्यामुळे कोणी न सांगता आपणच सुरू केलेला बहिष्कार सरळ त्यांच्याच पोटावर पाय देतो आणि मालकाला कळतही नाही की हे कशासाठी चाललंय, कारण मागणीच कोणी ठेवलेली नसते. मजुरांनी स्वतः पुकारलेला बहिष्कार वेगळा. नुकसान किती सोसायचं ते त्यांनी मोजलेलं असतं, मागणी स्पष्ट असते आणि कोणाशी बोलणी करायची तेही ठरलेलं असतं.

कॅलिफोर्नियातल्या डेलानोचा द्राक्षांचा संप घ्या. 8 सप्टेंबर 1965 ला लॅरी इटलिऑंग यांच्या युनियनच्या फिलिपिनो मजुरांनी तो सुरू केला आणि आठवड्याभरात सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले, एरवी मालक लोक एका गटाचा संप मोडायला दुसऱ्या गटाला कामावर आणायचे, ते त्या वेळी जमलं नाही. पण नुसत्या शेतातल्या संपाने मालक नमले नाहीत, बाहेरून नवीन माणसं आणत राहिले. मग मजूर स्वतः लांबलांबच्या शहरांत गेले, तिथल्या विद्यार्थ्यांना, चर्चच्या लोकांना, गृहिणींना भेटले आणि दुकानांसमोर उभे राहिले. शेवटी जुलै 1970 मध्ये डेलानोच्या मोठ्या बागायतदारांनी करार केले, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं लागली, आणि त्यातली शेवटची काही वर्षं त्या अनोळखी लोकांनी द्राक्षं घेतली नाहीत.

यात कायद्याचा एक भाग आहे तो समजून घेण्यासारखा आहे. युनियन केली म्हणून कामावरून काढता येत नाही हे संरक्षण अमेरिकेत 1935 च्या कायद्याने मिळालं, पण त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले आणि देशपातळीवर ते आजही बाहेरच आहेत. कॅलिफोर्नियाने 1975 मध्ये स्वतःचा कायदा केला, न्यूयॉर्कला 2019 उजाडलं, बऱ्याच राज्यांत काहीच नाही. पण त्या वगळण्यामुळेच एक वाट उघडी राहिली. इतर युनियन्सना 1947 पासून ज्याच्याशी थेट भांडण नाही अशा दुकानावर बहिष्कार पुकारायला बंदी आहे, शेतमजूर कायद्याच्याच बाहेर असल्यामुळे ती बंदी त्यांना लागू झाली नाही. म्हणून दुकान, हॉटेल, माल घेणारी कंपनी इथे त्यांना जोर लावता येतो आणि तिथे तर गिऱ्हाईक आपणच असतो ना.

फ्लोरिडातल्या इमोकलीच्या टोमॅटो मजुरांनी हे फार पक्कं ओळखलं. त्यांना 32 पौंडांची बादली भरून दिली की चाळीस-पंचेचाळीस सेंट मिळायचे. नुसतं शेतमालकाशी भांडून तो किती देणार, त्याचा भाव वरून मोठे खरेदीदार पाडतात. म्हणून त्यांनी 2001 मध्ये टाको बेल या फास्टफूड कंपनीवर बहिष्कार पुकारला, मागणी काय तर पौंडामागे फक्त एक सेंट जास्त द्या आणि आमच्याशी बसून वागणुकीचे नियम ठरवा. कॉलेजच्या पोरांनी आपापल्या कॅंपसवरून ती दुकानं हटवायला लावली, चर्चेसनी साथ दिली आणि मार्च 2005 मध्ये कंपनीने मान्य केलं. पुढे मॅकडोनाल्ड्स, बर्गर किंग आले आणि 2011 पासून फेअर फूड प्रोग्रॅम नावाची ही नियमावली फ्लोरिडाच्या बहुतेक टोमॅटो शेतांवर लागू झाली. त्यात सावली, पाण्याची सोय, तक्रारीसाठी चोवीस तास फोन आहे, आणि बायकांची छळणूक किंवा वेठबिगारी निघाली तर त्या शेताचा माल सामील कंपन्या घेतच नाहीत. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ही वाटते की नियम मजुरांनी लिहिले, बाहेरच्या एखाद्या संस्थेने त्यांच्यासाठी लिहून दिले नाहीत.

बहिष्काराशिवाय काय करता येतं असं बरेच जण विचारतात. खूप आहे, आणि ते दिसायला अगदी साधं आहे. 2021 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कॅलिफोर्नियाचा एक जुना नियम रद्द केला, त्या नियमाने युनियनच्या लोकांना ठराविक दिवस आणि ठराविक तास शेतावर जाऊन मजुरांशी बोलता यायचं. आता तेही बंद. बरेच मजूर मालकाने दिलेल्या घरात राहतात, एच-टू-ए म्हणजे हंगामी शेतकामाच्या व्हिसावर आलेल्यांचं तर नोकरी, छप्पर आणि देशात राहण्याचा हक्क तिन्ही एकाच मालकाच्या हातात, काम गेलं की तिन्ही गेलं. अशा माणसाने मीटिंगला बसायचं कुठे? म्हणून एखादा चर्चचा हॉल, शाळेची खोली, कोणाच्या घरातली बैठकीची मोठी खोली हीसुद्धा केवढी मोठी मदत आहे. मग शेतापासून तिथपर्यंत गाडीने न्यायला-आणायला कोणीतरी लागतं, मीटिंग चालू असताना लहान पोरं सांभाळायला लागतं, सगळ्यांना पुरेल असं जेवण लागतं, कारण ही माणसं पहाटेपासून उन्हात राबून येतात. भाषेचंही बघा, सगळ्यांना स्पॅनिश येतंच असं नाही, मेक्सिको आणि ग्वाटेमालाहून आलेले कित्येक जण मिश्तेक, त्रिकी, माम अशा भाषा बोलतात आणि त्यांच्यासाठी दुभाष्या शोधून त्याचे पैसे भरणं हे शंभर पोस्टर लावण्यापेक्षा उपयोगाचं आहे. संपाच्या निधीला महिन्याला थोडे थोडे का होईना पण नियमित पैसे दिले तर घरभाडं थकलं म्हणून संप मोडायची वेळ येत नाही.

आणि फोटो, त्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मोर्चाला गेलं की फोन काढायचा आणि लगेच टाकायचं ही आपल्या सगळ्यांची सवय झालीय, पण सरकारच्याच पाहणीप्रमाणे इथल्या शेतपिकांवर काम करणाऱ्यांपैकी साधारण 40 टक्के लोकांकडे कामाचे कागद नाहीत. ओळखू येणारा एक चेहरा, एका शेताचं नाव, एवढ्यावर कोणाची नोकरी जाऊ शकते, कोणाची देशातून रवानगी होऊ शकते. विचारल्याशिवाय फोटो नको, आणि कागद आहेत का हा प्रश्न तर कोणी कोणाला विचारायचाच नाही.

माईकसुद्धा त्यांच्याच हातात राहू दे. पत्रकार येतात तेव्हा चांगलं इंग्रजी बोलणारा म्हणून समर्थकालाच पुढे करतात, त्या वेळी आपण मागे सरकून दुभाष्याची सोय करायची, बोलायचं त्यांनी. आपण भाषण करून रात्री घरी जातो, मालकाचा राग मात्र उद्या सकाळी शेतात त्यांच्यावर निघतो.

आपल्याला एक विनंती आहे. बहिष्कार पुकारला की त्याची बातमी सगळीकडे होते, पण करार झाल्यावर मजूर स्वतः तो मागे घेतात ते कुठेच येत नाही आणि लोक वर्षानुवर्षं त्या मालाला हात लावत नाहीत, मग करार केलेल्या कंपनीला वाटतं करून तरी काय मिळालं आणि तिचं बघून दुसरी कंपनी करार करायला तयार होत नाही. तेव्हा बहिष्कार उठला तर तीही बातमी छापा, पहिलीइतकीच मोठी.

आपली,
अमेरिकेतली एक वाचक