महिन्याच्या गोळ्या महिन्याला द्या: कर्नाटकच्या आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, बेंगळुरू यांस,
स.न.वि.वि.

साहेब, कॅन्सरच्या गोळ्या यापुढे महिनाभराच्या एकदम मिळतील, असे आमच्या भागातल्या एका सरकारी दवाखान्याने (नाव घेत नाही) सांगितले होते. या महिन्यात खिडकीवर दहा गोळ्यांची एक स्ट्रिप मिळाली. ‘स्टॉक नाही, नंतर या.’ आणि गोळ्यांविना दिवस काढलेल्याच्या केसपेपरवर शेरा काय, तर रुग्ण औषध नियमित घेत नाही. वा रे न्याय!

आम्ही खानापूर, निपाणी, चिकोडीकडे औषध दुकाने चालवतो आणि रुग्णांच्या रिकाम्या स्ट्रिपा मोजतो. त्यामुळे नियमितपणा कशाला म्हणतात हे आम्हाला कुणी शिकवू नये. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरला इमॅटिनिब 400 मिलिग्रॅम, रोज एक, जेवणासोबत, पेलाभर पाण्याबरोबर. उपाशीपोटी घेतली की मळमळते, उलटी होते, मग गोळी टाळली जाते. 2010 मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी बाटलीच्या झाकणात चिप बसवून 87 रुग्णांचे डोस मोजले. नव्वद टक्क्यांहून जास्त डोस घेणाऱ्यांत सहा वर्षांत रोग चांगला दबण्याची शक्यता 94.5 टक्के, नव्वद किंवा त्याखाली फक्त 28.4. महिन्याला तीन गोळ्या चुकल्या की माणूस नव्वदवर आला. तुमची खिडकी एका फटक्यात वीस चुकवते!

कॅपेसिटाबिन या कॅन्सरच्या दुसऱ्या गोळीची तऱ्हा वेगळी. सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. बहुतेकांना चौदा दिवस चालू, सात दिवस बंद. 500 आणि 150 अशा दोन ताकदीच्या गोळ्या एकाच डोसात असल्या की घरात घोळ ठरलेला. कुणी सुट्टीच्या आठवड्यातही गोळ्या चालू ठेवतो, कुणी आठवडा संपला तरी सुरूच करत नाही. त्यात तळहात-तळपाय लाल होतात, सोलतात, भेगा पडतात. निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचे पोट बोटांच्या टोकांवर. ती कुणाला न सांगता गोळ्या थांबवते. खरे तर भेगा दिसताच डॉक्टरांना कळवले तर ते काही दिवस थांबवून डोस कमी करून देतात आणि उपचार चालू राहतो. पण हे तिला सांगायचे कुणी? खिडकीवरचा माणूस मान वर करत नाही.

तोंडाच्या कॅन्सरला काहींना मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच देतात. तीच गोळी रोज घेतली तर तोंड सोलते, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जातो. पाकिटावर इंग्रजी, चिठ्ठीवर कन्नड, घरात वाचणारी म्हातारी मराठी शाळेतली. ‘फक्त सोमवारी’ एवढे दोन शब्द मराठीत लिहिले तर राज्याच्या अस्मितेला तडा जातो काय?

मागणे फार नाही. तीस दिवसांच्या गोळ्या आणि वर सात दिवसांच्या जादा. डोस चालू-बंदच्या तारखा खुणा केलेले, मराठी-कन्नड कार्ड. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक फोन: हात कसे आहेत, उलटी होते का, स्ट्रिपेत किती उरल्या? चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट घ्यायची नाही, हेही त्याच फोनवर सांगता येते. एवढ्याला नवी इमारत लागत नाही. म्हणूनच बहुधा होत नाही.

2025 मध्ये जिल्हा रुग्णालयांत डे-केअर केमोथेरपी केंद्रे (सलाईनमधून कॅन्सरचे औषध घेऊन त्याच दिवशी घरी जायची सोय) उघडलीत, ते चांगलेच केलेत. पण सलाईनच्या खाटेचा फोटो निघतो. गोळी गिळणाऱ्याचा निघत नाही. 2023 मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या 865 गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू केली, त्यावर कर्नाटक सरकारने केवढा थयथयाट केला! ठीक आहे, त्यांची नको. मग तुमची तरी धड चालवा. आणि मुंबईवाल्यांनीही फुशारकी मारू नये. इथल्या माणसाने योजनेचे कागद घेऊन कोल्हापूरला किती वेळा जायचे? एका सरकारला गाव हवे, दुसऱ्यालाही गाव हवे, गावातला आजारी माणूस मात्र कुणालाच नको.

हिवाळी अधिवेशनाला बेळगावच्या सुवर्णसौधला, म्हणजे हलग्याच्या विधिमंडळ इमारतीत याल, तेव्हा फौजफाटा तिथेच ठेवा आणि तालुक्याच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात एकटे जाऊन महिनाभराची कॅपेसिटाबिन मागून बघा. मिळाली तर हे पत्र फाडून टाका.

आपले,
सीमाभागातले काही औषध दुकानदार