काळ्या खिडकीची ओळख करून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तुम्ही दिवाळी अंक बदलायला आलात, तेव्हा मी काउंटरवर कपाळाला हात लावून बसले होते. दोन वाचनालयांच्या पुस्तकयाद्या एकत्र केलेली चाळीस हजारांवर ओळींची टेक्स्ट फाइल होती. स्प्रेडशीटमध्ये उघडली की आमचा म्हातारा संगणक हूं की चूं करत नसे.

‘‘उबुंटू आहे ना? मग काय अडलंय!’’ म्हणत (उबुंटू म्हणजे विंडोजच्या जागी आमच्या संगणकावर असलेली प्रणाली) तुम्ही टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडायला लावलंत. ती काळी खिडकी चुकून उघडली, तर मी घाईघाईने बंद करत असे. ‘लेस’ आणि पुढे फाइलचं नाव लिहिलं, आणि यादी क्षणात समोर! ‘लेस’ अख्खी फाइल वाचत बसत नाही, पडद्यावर मावेल तेवढंच आधी दाखवतो, हे तेव्हा कळलं. तिरकी रेघ देऊन ‘पाककला’ लिहिलं की थेट त्या ओळीवर. बाहेर पडायला ‘क्यू’. (हा ‘क्यू’ मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय.)

मग दुबार नोंदी. ‘युनिक’ एकाखाली एक आलेल्या सारख्या ओळीच ओळखतो, म्हणून आधी ओळी क्रमाने लावणारा ‘सॉर्ट’, मग उभी रेघ, मग ‘युनिक’. सॉर्टची यादी त्या रेघेतून पलीकडे वाहते, मध्ये फाइल करून ठेवावी लागत नाही. तरीही एकाच पुस्तकाच्या दोन ओळी उरल्याच. डोळ्यांना अगदी सारख्या! मग फाइलचा मजकूर दाखवणाऱ्या ‘कॅट’ला तुम्ही मोठा ‘ए’ लावलात, म्हणजे लपलेली चिन्हंही दिसतात. मराठी अक्षरांची नुसती रांगोळी झाली, पण ओळींची शेवटं उघडी पडली: एकीच्या शेवटी फक्त डॉलरचं चिन्ह, दुसरीच्या शेवटी त्याआधी टोपीवाला ‘एम’. दुसऱ्या वाचनालयाची यादी विंडोजवर टाइप झाली होती, आणि तिथे ओळ संपवताना एक जादा चिन्ह पडतं. ‘कॅरेज रिटर्न’.

ते नाव ऐकून मी हसले, आठवतं? मराठी टायपिंगच्या क्लासात ओळ संपली की डाव्या हाताने दांडी मारून कॅरेज मागे ढकलायचो. तीच खूण कुणाला न दिसता यादीत लपून बसली होती. नको ती चिन्हं काढून टाकणाऱ्या ‘टीआर’ने ती पुसली आणि जोड्या जुळल्या.

आता कबुली. तुम्ही गेल्यावर शहाणपणा करून मी ‘सॉर्ट’चं उत्तर ‘मोठे’च्या चिन्हाने त्याच फाइलमध्ये पाठवलं. शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा, ती फाइल आधी रिकामी करतो, सॉर्ट नंतर वाचायला येतो. चाळीस हजार ओळी गायब! ‘‘आधी ‘सीपी’, मग बाकी सगळं,’’ असं बजावून तुम्ही करायला लावलेली प्रत होती, म्हणून नोकरी शाबूत आहे. आता ‘सॉर्ट’ला ‘ओ’ लावते, म्हणजे तो सगळं वाचून झाल्यावरच फाइलमध्ये लिहितो.

परवा मोजदाद करणाऱ्या ‘डब्ल्यूसी’शी खेळत होते. ‘मराठी’ हा शब्द त्याला 15 बाइटचा वाटतो; ‘एम’ लावला की 5 अक्षरचिन्हं म्हणतो. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, एवढं मी एकटीने शोधलं. शाबासकी हवी आहे.

आणि हो, देवघेवीच्या नोंदींवर शब्द शोधणारा ‘ग्रेप’ चालवला. तुमच्या नावावर एक दिवाळी अंक अजून बाकी आहे. दंड मी भरलाय.

आपली,
काउंटरवरची