शिकवणाऱ्याचा पाय क्लचवर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कारखान्यातली नोकरी गेलेले, कॅब चालवून थकलेले, दुकान गुंडाळलेले असे बरेच जण चाळिशीच्या आसपास ड्रायव्हिंग शिकवण्याकडे वळतात. हिशेब सरळ असतो. जुनी गाडी घ्यायची, टपावर बोर्ड लावायचा, पुढे-मागे लाल ‘एल’ चिकटवायचा. गाडी हातात बसलेली आहे, मग शिकवायला असे काय लागते?

पहिला अडथळा कागदाचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २४ प्रमाणे प्रशिक्षक किमान दहावी पास हवा, गाडी चालवण्याचा ५ वर्षांचा अनुभव हवा आणि शिवाय मोटार मेकॅनिकचे प्रमाणपत्र हवे. गाडे अडते ते या तिसऱ्या अटीवर. आयुष्यभर ट्रक चालवलेल्या माणसाकडे हा कागद नसतो. उलट मेकॅनिकल डिप्लोमा करून चाकण किंवा कागलच्या कारखान्यांत राबलेल्याची पात्रता त्याहून वरची असते, पण त्याच्या ते गावीही नसते. आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा ट्रेड दोन वर्षांचा आहे. कमी मुदतीचा कोर्स करायचा तर संस्था सरकारी किंवा सरकारमान्य आहे ना, हे फी भरण्याआधी पाहावे. ओळखीच्या गॅरेजवाल्याने लेटरहेडवर लिहून दिलेला दाखला उपयोगाचा नाही. आधी प्रमाणपत्र, मग राजीनामा, हाच क्रम ठेवावा.

स्वतःचे स्कूल काढायचे तर नमुना १२ मध्ये अर्ज, वर्गाला जागा, फळा, वाहतूक चिन्हांचे तक्ते, दाखवायला गिअरबॉक्स आणि ब्रेक शू-ड्रम, पंक्चरचे सामान, प्रथमोपचार पेटी अशी यादी आहे. परवाना ५ वर्षांचा मिळतो. शिकवण्याची गाडी फक्त त्याच कामाला वापरायची असते. सकाळी क्लास आणि संध्याकाळी लग्नाचे भाडे, हे नियमात बसत नाही. विम्याच्या पॉलिसीतही हा वापर स्पष्ट लिहून घ्यावा. २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांची वेगळी तरतूद आहे, पण हलक्या वाहनांच्या केंद्रालाही एक एकर जागा लागते. नव्या माणसाने तिथे नोकरी शोधावी हे बरे. प्रशिक्षक मात्र बारावी पास लागतो.

आता मुख्य मुद्दा. दुचाकी सोडून शिकवण्याच्या प्रत्येक गाडीला ड्युअल कंट्रोल सक्तीचा आहे. म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही पेडल हवीत. आपल्याकडे बहुधा डावीकडे, त्याच्या सीटसमोर, क्लच आणि ब्रेक अशी दोन पेडल बसवतात आणि रॉडने किंवा केबलने ती चालकाच्या पेडलला जोडतात. डावीकडून क्लच दाबला की उजवीकडचे पेडलही खाली जाते. शिकणाऱ्याचा पाय त्यावरच असतो, त्यामुळे क्लच आपणच दाबला असे त्याला वाटते. गाडी बंद पडत नाही, झटके खात नाही, मागून हॉर्न वाजत नाहीत. दोघेही खूश! पंधरा दिवस तो प्रत्यक्षात फक्त स्टीअरिंग फिरवत असतो. मग स्वतःची गाडी काढतो आणि पहिल्याच चढावरच्या सिग्नलला ती तीनदा बंद पडते, चौथ्यांदा मागे घरंगळते.

यावर उपाय जुनाच आहे. पहिले दोन दिवस रस्त्यावर जायचेच नाही. मोकळ्या सपाट मैदानात पहिला गिअर टाकून, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, नुसत्या क्लचवर गाडी हलवायची आणि थांबवायची, पंचवीस-तीस वेळा. क्लच कुठे पकडतो हे तळपायाला कळले की निम्मे काम झाले. या काळात शिकवणाऱ्याचा पाय ब्रेकजवळ असावा, क्लचवर नसावा. गाडी बंद पडली तर पडू द्यावी. अनेकांना हे जमत नाही, कारण क्लच प्लेटचा खर्च डोळ्यांसमोर असतो. पण ब्रेकवर सतत पाय टेकवून ठेवणेही वाईट: लायनर घासत राहतात, ड्रम तापतात आणि खऱ्या गरजेच्या वेळी ब्रेक कमी लागतो. रोज सकाळी डाव्या पेडलमधली ढिलाई आणि परतीची स्प्रिंग पाहावी, खालची मॅट पेडलखाली सरकत नाही ना तेही पाहावे. प्रशिक्षकासाठी काचेवर दुसरा छोटा आरसा लावावा. शिकणाऱ्याच्या आरशात डोकावून मागचे दिसत नाही.

तासांचेही तसेच. हलक्या खासगी वाहनासाठी किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंग १० तास असा नियम आहे. रोज अर्धा तास धरला तर साडेदहा तास होतात, म्हणजे फुकट घालवायला फक्त अर्धा तास उरतो. प्रत्यक्षात एका फेरीला तिघांना बसवतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटे येतात. त्या हिशेबाने २१ दिवसांत सव्वापाच तास भरतात. नमुना १५ च्या, म्हणजे ड्रायव्हिंगच्या तासांची नोंद ठेवायच्या रजिस्टरमध्ये मात्र दहा.

मेकॅनिकचा कागद मागणारा नियम, हा माणूस शिकवू शकतो का, हे तपासणारी परीक्षा घेत नाही. ती येईल तेव्हा येवो. तोवर परिवहन विभागाने दोन गोष्टी कराव्यात. नमुना १५ मधील स्वतःच्या तासांची नक्कल दर आठवड्याला प्रशिक्षणार्थीच्या हाती पडेल असे करावे. आणि डाव्या क्लचवर पाय पडला की डॅशबोर्डवर दिवा लागेल अशी सोय सक्तीची करावी. त्याचे बटण पेडलच्या रबराखाली बसवायला हवे, कारण रॉडच्या जोडणीत दोन्ही पेडल एकदमच हलतात आणि दुसरीकडे कुठे बसवले तर शिकणाऱ्याने क्लच दाबला तरी दिवा लागेल.

आपले विश्वासू,
काही मोटार ड्रायव्हिंग प्रशिक्षक, कोल्हापूर