लोकसभेच्या जागांबरोबर मतदारसंघांच्या सीमांचीही चर्चा व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेबद्दल गेले काही महिने वृत्तपत्रांतून जी चर्चा वाचायला मिळते, ती बहुतेक सगळी एकाच प्रश्नाची आहे : कोणत्या राज्याच्या जागा वाढणार आणि कोणाच्या कमी होणार. हा प्रश्न मोठा आहे, यात शंका नाही. पण राज्याला जागा किती मिळाल्या हे ठरल्यानंतर त्या जागांच्या सीमा राज्याच्या आत कुठून कुठे आखल्या जातात, यावर आपल्या मराठी वृत्तपत्रांत फारसे कोणी लिहीत नाही. सामान्य मतदाराला मात्र त्या सीमेचा अनुभव रोज येतो. मी गुहागर तालुक्यातला मतदार आहे आणि आमच्या भागाच्या उदाहरणावरून हा विषय आपल्या वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

आधी थोडी पार्श्वभूमी. घटनेच्या कलम ८१ नुसार प्रत्येक राज्याच्या जागा आणि लोकसंख्या यांचे प्रमाण शक्य तेवढे सारखे असले पाहिजे आणि कलम ८२ नुसार प्रत्येक जनगणनेनंतर ते नव्याने बसवले पाहिजे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हे काम थांबवले आणि १९७१ च्या जनगणनेवरील जागावाटप कायम ठेवले, कारण कुटुंबनियोजन मनावर घेणाऱ्या राज्यांना त्याची शिक्षा होऊ नये अशी भूमिका होती. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. दरम्यान २००३ च्या ८७ व्या दुरुस्तीने राज्याच्या जागा तेवढ्याच ठेवून आतल्या सीमा २००१ च्या लोकसंख्येवर नव्याने आखण्याची मुभा दिली आणि न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्रचना आयोगाने आखलेल्या सीमा २००८ मध्ये लागू झाल्या. २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चारही लोकसभा निवडणुकांत महाराष्ट्राने त्याच सीमांवर मतदान केले.

राज्याराज्यांतील तफावत आता किती झाली आहे, ते २०११ च्या आकड्यांवरून दिसते. राजस्थानात एका खासदारामागे सरासरी सव्वासत्तावीस लाखांहून अधिक लोक आहेत, तमिळनाडूत साडेअठरा लाख आणि केरळात पावणेसतरा लाखांच्या आसपास. महाराष्ट्राचे ४८ जागांवरील प्रमाण साडेतेवीस लाखांच्या आत, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा थोडेसेच वर आहे. त्यामुळे उत्तर-दक्षिण वादात आपल्या राज्याची जागा मधली आहे आणि कदाचित म्हणूनच हा विषय आपल्याला परका वाटतो. प्रत्यक्षात आपल्या राज्याच्या आतच एक उत्तर-दक्षिण प्रश्न उभा आहे. तो ठाणे आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग यांच्यातला आहे.

२०२४ च्या निवडणुकीत ठाणे मतदारसंघात सुमारे २५ लाख मतदार होते आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात सुमारे साडेचौदा लाख. ठाण्याच्या मतदाराने आपल्या मताला कमी वजन का, असे विचारले तर त्याचे चुकत नाही. शिवाय त्या ठाण्यात, कल्याण-डोंबिवलीत आणि वसई-विरारमध्ये राहणाऱ्यांत आमचीच माणसे मोठ्या संख्येने आहेत. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्रात मुंबई शहराखेरीज लोकसंख्या घटलेले जिल्हे दोनच, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरीची घट जवळपास पाच टक्के होती. ज्या गावात गणपतीला आणि शिमग्याला पाय ठेवायला जागा नसते, त्याच गावात जनगणनेच्या वेळी निम्मी घरे कुलूपबंद असतात आणि चाकरमान्याची मोजणी तो नोकरीला असतो तिथे होते. माणूस गेला की त्याच्या मागोमाग जागाही जाते, हे समान मताच्या तत्त्वात बसणारे आहे आणि ते मला मान्य आहे.

माझा आक्षेप आहे तो उरलेल्या माणसांची वाटणी कशी केली यावर. २००८ पूर्वी दक्षिण कोकणात कुलाबा (म्हणजे आजचा रायगड), रत्नागिरी आणि राजापूर असे तीन मतदारसंघ होते. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांनी लोकसभेत गाजवलेला राजापूर मतदारसंघ त्या पुनर्रचनेत नाहीसा झाला. महाराष्ट्रात विधानसभेच्या सहा जागा मिळून लोकसभेची एक जागा होते. रत्नागिरी जिल्ह्याच्या वाट्याला विधानसभेच्या पाच आणि सिंधुदुर्गाच्या वाट्याला तीन, अशा आठ जागा आल्या. आठातून सहा एकत्र ठेवल्या आणि दापोली व गुहागर या दोन जागा रायगड लोकसभा मतदारसंघाला जोडल्या. कागदावर हा हिशेब बिनचूक होता.

जमिनीवर त्याचा अर्थ असा झाला. आमचे जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, पोलीस अधीक्षक, जिल्हा रुग्णालय रत्नागिरीला आहेत आणि आमच्या खासदाराचा मतदारसंघ मात्र पेण-अलिबागपासून सुरू होतो. रायगड आणि रत्नागिरी या जिल्ह्यांच्या मध्ये सावित्री नदी आणि बाणकोटची खाडी आहे. त्याखाली दापोली आणि गुहागर यांच्या मध्ये वाशिष्ठी आणि दाभोळची खाडी आहे. किनाऱ्याने जायचे तर बागमांडल्यालाही फेरीबोट आणि दाभोळ-धोपाव्यालाही फेरीबोट. नाहीतर आत चिपळूण-खेडवरून महामार्गाने वळसा. गुहागर विधानसभा मतदारसंघात गुहागर तालुक्याबरोबर चिपळूण आणि खेड तालुक्यांचेही काही भाग आहेत, त्यामुळे चिपळूण तालुकाच दोन लोकसभा मतदारसंघांत विभागला गेला आहे. एका तालुक्यातली, एका बाजारपेठेवर आणि एकाच तहसील कार्यालयावर अवलंबून असलेली शेजारची दोन गावे दोन वेगळ्या खासदारांना मत देतात.

रेल्वेचे उदाहरण घ्या, कारण रेल्वे हा खासदाराचाच विषय आहे. गुहागरच्या माणसाचे स्टेशन चिपळूण आहे. तिथे गाडीला थांबा मिळावा, आरक्षणाचा कोटा वाढावा, फलाटावर छप्पर व्हावे, अशी मागणी त्याला करायची असेल तर ते स्टेशन ज्या मतदारसंघात येते त्या खासदाराला त्याने मत दिलेले नसते. आणि ज्याला मत दिले आहे त्याच्या मतदारसंघात ते स्टेशन नसते. केंद्राच्या योजनांचा आढावा घेणारी ‘दिशा’ समिती जिल्हावार असते. तिथेही मतदारसंघाच्या दोन टोकांना दोन जिल्हे असलेल्या खासदाराचे लक्ष साहजिकच मोठ्या टोकाकडे राहते. मी कोणा एका खासदाराला दोष देत नाही, कारण सहापैकी चार विधानसभा मतदारसंघ एका जिल्ह्यातले आणि दोन दुसऱ्या जिल्ह्यातले असले, तर कोणीही निवडून आला तरी हेच होईल.

हे फक्त आमच्याच वाट्याला आलेले नाही. मावळ मतदारसंघात बोरघाटाच्या वर मावळ, पिंपरी, चिंचवड आणि घाटाखाली कर्जत, पनवेल, उरण अशी तीन-तीनची जोडणी आहे. कर्जतचा प्रवासी मुंबईच्या लोकलची फेरी मागतो आणि चिंचवडचा पुणे-लोणावळा लोकलची. दूरचे पण अधिक ठळक उदाहरण जम्मू-काश्मीरचे आहे. आपल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०२२ मध्ये अनंतनाग-राजौरी असा लोकसभा मतदारसंघ केला. त्याच्या दोन भागांच्या मध्ये पीर पंजाल पर्वत आहे आणि त्यांना थेट जोडणारा मुघल रोड हिवाळ्यात बर्फाने बंद असतो. २०२४ मध्ये तिथले मतदान ७ मे ऐवजी २५ मे रोजी घ्यावे लागले आणि त्यामागे दळणवळणाच्या अडचणीचे कारण दिले गेले.

२००२ च्या पुनर्रचना कायद्याच्या कलम ९ मध्ये मतदारसंघ भौगोलिकदृष्ट्या शक्य तेवढा सलग असावा आणि नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळणाची साधने आणि लोकांची सोय लक्षात घ्यावी, असे स्पष्ट म्हटले आहे. खाडी आणि घाट म्हणजे नैसर्गिक रचना नव्हे, तर काय? आकडा मात्र मोजता येतो आणि सोय मोजता येत नाही. म्हणून शेवटी आकडा जिंकतो. मागच्या आयोगाने सरासरीपासून साधारण दहा टक्क्यांपर्यंतची तफावत चालवून घेण्याचे धोरण ठेवले होते. नदी, घाट किंवा जिल्ह्याची हद्द आड येत असेल तिथे ही सवलत मोकळ्या मनाने वापरावी आणि वापरली नाही तर कारण लेखी द्यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

पुढे काय होऊ शकते, याचाही थोडा हिशेब मांडतो. राज्याच्या जागा आहेत तेवढ्याच, म्हणजे लोकसभेच्या ४८ आणि विधानसभेच्या २८८ राहिल्या असे धरून २०११ ची लोकसंख्या लावली, तर रत्नागिरीला विधानसभेच्या चार आणि सिंधुदुर्गाला दोन जागा येतात. जुना ठाणे जिल्हा, म्हणजे आजचे ठाणे आणि पालघर मिळून, २४ वरून २८ वर जातो आणि पुणे जिल्हा २१ वरून २४ वर. आमचे दोन आमदार जातील, हे दुःखाचे आहे. पण चार आणि दोन मिळून सहा होतात आणि दोन्ही जिल्हे न तोडता लोकसभेचा एक अखंड मतदारसंघ बनतो, ही गोष्टही त्याच आकड्यांतून निघते. उलट, राज्याच्या लोकसभेच्या जागा समजा दीडपट होऊन ७२ झाल्या, तर सरासरी साडेपंधरा लाखांवर येते. मग रत्नागिरी जिल्हा एकटा एक मतदारसंघ होऊ शकतो, पण साडेआठ लाखांचा सिंधुदुर्ग निम्मा उरतो. त्याला पूर्ण करायला पुन्हा रत्नागिरी तोडायचा की फोंडा आणि आंबोली घाट ओलांडून कोल्हापूरचा भाग जोडायचा, हा प्रश्न येईल. नव्या जनगणनेत आकडे बदलतील, तरी पेच याच जातीचा असेल. त्यावर आजच विचार व्हायला हवा, कारण मसुदा आल्यावर हरकतींसाठी मिळणारा वेळ थोडा असतो.

मसुद्याची पद्धतही वाचकांना माहीत असावी. आयोगात सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायमूर्ती, मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले आयुक्त आणि राज्य निवडणूक आयुक्त असतात. त्यांच्या मदतीला राज्यातील पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून असतात, पण त्यांना मताचा अधिकार नसतो. महाराष्ट्राएवढ्या राज्यात हे दहा जण कोकणातले असतीलच असे नाही. मसुदा राजपत्रात प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, जाहीर सुनावणी होते आणि अंतिम आदेश निघाला की त्याला कायद्याचे बळ येते. तो संसदेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवला जातो. परंतु त्यात एका शब्दाचाही बदल त्यांना करता येत नाही. घटनेच्या कलम ३२९ मुळे न्यायालयाचा मार्गही जवळपास बंद होता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानी असेल तर आयोगाचा आदेश तपासता येईल असे म्हटले, हे स्वागतार्ह आहे. परंतु अपवादाच्या त्या दारावर सामान्य मतदाराला विसंबता येणार नाही. त्याच्यासाठी खरी संधी एकच आहे, ती म्हणजे हरकत आणि सुनावणी.

म्हणून ती संधी नावापुरती राहू नये. मसुद्यात मतदारसंघाचे वर्णन ‘अमुक तालुका, भाग, अमुक महसूल मंडळे’ अशा भाषेत असते. आपले गाव कोणत्या महसूल मंडळात येते, हे तलाठ्याला माहीत असते, गावकऱ्याला क्वचितच. मसुद्याबरोबर गावनिहाय मराठी यादी आणि नकाशा प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. सुनावणी मुंबई-नागपुरापुरती न ठेवता निदान प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी झाली पाहिजे. फेटाळलेल्या हरकतीचे कारण एका ओळीत का होईना, प्रसिद्ध झाले पाहिजे. राखीव जागांनाही हेच लागू आहे. २००८ मध्ये अनुसूचित जातींसाठीच्या जागा तीनवरून पाच झाल्या आणि बुलढाणा, उस्मानाबाद, पंढरपूर यांच्याऐवजी अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर आल्या. हे कोणत्या हिशेबाने झाले, ते सर्वसामान्य मतदाराला समजेल अशा भाषेत कधी सांगितले गेले नाही. १०६ व्या घटनादुरुस्तीने महिलांसाठीच्या एक तृतीयांश जागाही पुनर्रचनेशीच जोडल्या आहेत, त्यामुळे या वेळी लोकांना कळण्याची गरज अधिक आहे.

मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण आणि गुहागर तालुक्यांतील ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे की, आपले गाव कोणत्या लोकसभा मतदारसंघात असावे आणि का, याचा ठराव येत्या ग्रामसभेत करून ठेवावा, म्हणजे मसुदा आल्यावर धावपळ होणार नाही. आपल्या दैनिकालाही विनंती आहे. मसुदा राजपत्रात येईल त्या आठवड्यात जिल्हा आवृत्त्यांतून तालुकावार नकाशे, गावांच्या याद्या आणि हरकत पाठवण्याची शेवटची तारीख ठळकपणे छापावी.

आपला नम्र,
एक वाचक
गुहागर, जि. रत्नागिरी