मुलांच्या नदीफेरीसाठी ७५ हजार रुपये हवेत, आणि तुमच्या सोसायटीचे गेट

सप्रेम नमस्कार.

हे पत्र आषाढी एकादशीलाच निघायला हवे होते. निघाले नाही, कारण लिहिणारा एक आणि कामे सतरा. आता गणपतीच्या वर्गणीचे पावतीपुस्तक तुमच्या दारात पोहोचायच्या आत हे पोहोचावे म्हणून घाईत लिहितो आहे. ती पावती एकदा फाडली की पुढे दिवाळीपर्यंत कोणाकडे काही मागायची सोय नसते, हे मी अनुभवाने सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आपल्या मंडळाची शाळकरी मुलांची नदीफेरी यंदाही काढायची आहे. आपली नदी म्हणजे दहिसर नदी. एवढे फोड करून लिहिण्याचे कारण असे की मागच्या वर्षी पुलावर उभे राहून आम्ही मुलांना विचारले, "तुमच्या घराजवळची नदी कोणती?" उत्तरे आली गोदावरी, गंगा, आणि एका हुशार मुलीने मुंबईचीच मिठी नदी सांगितली. खाली बोट दाखवले तर म्हणाली, "सर, तो तर नाला आहे." तिचे काय चुकले? घरात आपणच म्हणतो ना, "नाल्यापलीकडच्या दुकानातून कोथिंबीर आण."

तुळशी तलावाजवळ, बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात ही नदी सुरू होते. श्रीकृष्णनगर, दौलतनगर, कांदरपाडा, दहिसर गावठाण असे करत मनोरीच्या खाडीला मिळते. लांबी जेमतेम १२ किलोमीटर. नाशिकच्या मुलांना गोदावरीचे मुख पाहायचे तर आंध्रात जावे लागेल. आपल्या मुलांना उगमाकडचे जंगल आणि मुखाची तिवरे एकाच दिवसात दाखवता येतात, आणि संध्याकाळच्या ट्यूशनलाही पोहोचवता येते. एवढी सोयीची नदी मिळाली आहे आणि तिची ही अवस्था.

जुन्या सभासदांना हे सगळे ठाऊक आहे, पण नवीन इमारतींतून आलेल्यांसाठी सांगतो. हे काम आपल्या गुरुजींनी सुरू केले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा आपल्या वाचनालयात कमरेएवढे पाणी होते. पुस्तके गेली, कॅरमचा बोर्ड तरंगत रस्त्यावर गेला. (तो सापडला. अजून वापरात आहे, एक कोपरा फुगलेला.) त्या रात्री शाळेच्या वर्गात अडकलेल्या लोकांसाठी मंडळाच्या बायकांनी मेणबत्तीच्या उजेडात खिचडी रांधली. चार दिवसांनी चिखल उपसताना गुरुजी म्हणाले, "नदी घरात आली म्हणून आपण रागावलो. आपण तिच्या घरात किती वर्षे जाऊन बसलो आहोत, ते कोणी मोजले?" त्या वर्षी सातवीची नऊ मुले आणि हातात काठी घेतलेले गुरुजी नदीकाठाने चालले. ती पहिली फेरी. गुरुजी आता नाहीत. काठी मंडळाच्या कपाटात आहे आणि दर फेरीला ती सगळ्यात लहान मुलाच्या हाती देण्याची प्रथा आपण पाळतो.

फेरीत काय करतो ते थोडे सविस्तर सांगतो, कारण "मुलांना फिरायला नेता, त्याला पैसे कशाला" असे गेल्या सर्वसाधारण सभेत विचारले गेले. सभेत मी काही बोललो नाही. इथे बोलतो.

सुरुवात उद्यानातल्या कान्हेरीला. तिथे शंभराहून अधिक लेणी आहेत आणि जवळजवळ प्रत्येक लेण्याशेजारी खडकात खोदलेले पाण्याचे टाके. पावसाचे पाणी अडवायचे, साठवायचे, स्वच्छ ठेवायचे, ही अक्कल त्या भिक्षूंना होती. टाक्या आणि लेणी कोणी दिली ते ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे, त्यात कल्याणचे आणि सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. मुलांना हे फार आवडते. मलाही आवडते, निराळ्या कारणाने. आपल्या देणगीदारांची नावे आपण फळ्यावर खडूने लिहितो आणि ती पुसली गेली की तक्रार येते.

मग जंगलातला झरा, आणि तिथून खाली पुलापुलावर थांबत खाडीपर्यंत. पाण्यात कोणालाही उतरू देत नाही. २००५ च्या पुरानंतर लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने मुंबईत माणसे दगावली होती, ते विसरलेलो नाही. दोरी बांधलेली बादली पुलावरून सोडायची, पाणी वर घ्यायचे. त्याचे तापमान, पीएच (आम्लपणाचे माप) आणि गढूळपणा मुलेच नोंदवतात. पाण्यातल्या ऑक्सिजनची चाचणी मात्र आपले निवृत्त प्रयोगशाळा सहायक काका स्वतः करतात, कारण त्यात आम्ल आहे. बाटलीत दोन रसायने घातली की ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तपकिरी साका बसतो, नसलेल्या पाण्यात पांढरा. जंगलातल्या बाटलीत झकास तपकिरी. खालच्या पुलावरच्या बाटलीत पांढरा, दह्यासारखा. चाळीस मुले गप्प. मग काका सांगतात की आपल्या हवामानात स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, अंघोळीच्या पाण्यात निदान ५ तरी हवा असा निकष आहे. सांडपाणी आणि शेण कुजवताना जिवाणू तो खाऊन टाकतात. तो संपला की दुसऱ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुटतो, म्हणजे आपण पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावतो तोच.

आणखी एक छोटी बाटली असते, आत चाचणीचे रसायन घातलेली. तीत पाणी भरून दीड-दोन दिवस उबेला ठेवायची. पाणी काळे पडले तर त्यात मैला मिसळला असल्याचा संशय घ्यायचा. मुले ती वर्गात नेऊन ठेवतात. खालच्या पुलाची बाटली दुसऱ्या दिवशी सकाळीच शाईसारखी. गंमत म्हणजे जंगलातलीही काळी झाली, जरा उशिराने. एक मुलगा म्हणाला, "म्हणजे चाचणी चुकीची." काकांनी त्याला विचारले, "माकडे कुठे जातात रे?" नववीला जलसुरक्षा हा विषय श्रेणीपुरता असतो. त्या मुलाच्या डोक्यातून तो आता जाणार नाही.

आता मुख्य गोष्ट, आणि जरा नाजूक.

इमारतीतून पाणी बाहेर जायला दोन वाटा असतात. संडास, न्हाणीघर, स्वयंपाकघर यांचे पाणी मलवाहिनीत जाते आणि पुढे प्रक्रिया केंद्राकडे. गच्चीचे, गॅलरीचे पावसाचे पाणी जाते पावसाळी गटारात, आणि तिथून थेट नदीत. मध्ये गाळणी नाही की काही नाही. आपण काय करतो? गॅलरीत कपडे धुण्याचे मशीन बसवतो आणि त्याची नळी पावसाच्या पाइपात सोडतो. प्लंबर म्हणतो, "चालतं साहेब, सगळे असंच करतात." साबणाचे पाणी अर्ध्या तासात नदीत. डिसेंबरनंतर पाऊस नसतो, तरी नदी वाहत असते. ते पाणी कोणाचे, हा प्रश्न मुलांनी विचारला होता. तेव्हा काकांनी खाण्याचा लाल रंग आणला. एका गॅलरीतल्या जाळीत ओतला, दोन मुले खाली गटाराच्या तोंडाशी उभी केली. रंग आला. ती गॅलरी माझी होती.

माझी नळी दुसऱ्या दिवशी बदलली. खर्च ६५० रुपये आणि सौ.चे दोन टोमणे. आमच्या इमारतीत मग आणखी सात घरांनी बदलली. पण शेजारच्या एका सोसायटीत मुले हाच प्रयोग करायला गेली, तेव्हा गेटवर त्यांना अडवले, "तुम्हाला कोणी पाठवले" म्हणून दरडावले, आणि महिनाभराने त्या सोसायटीची मंडळाकडे येणारी वार्षिक देणगी बंद झाली. नाव घेत नाही, घेणारही नाही. नदीकाठी 'पाणी वाचवा'च्या घोषणा दिल्या तर टाळ्या, आणि पाइप दाखवला की देणगी बंद. चित्रकला स्पर्धेला शंभर पालक येतात. कोजागिरीच्या मसाला दुधाला दोनशे. मागच्या नदीफेरीला मोठी माणसे अकरा होती, त्यांत चार मंडळाचे पदाधिकारी आणि एक वाट चुकून आलेले गृहस्थ. (ते शेवटपर्यंत थांबले, हेही नोंदवतो.) दुःख होते. जास्त लिहीत नाही.

तरी मुलांनी हाती घेतलेल्या गोष्टी लहान नाहीत. दोन इमारतींचे निर्माल्य आता नदीत न जाता खतखड्ड्यात जाते. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या भावाला चार मुली जाऊन भेटल्या. तो आता जळके ऑइल गटारात न ओतता पिंपात साठवतो आणि भंगारवाल्याला विकतो, वर पैसे मिळतात म्हणून खूश आहे. तबेल्यातले शेण हे मोठे दुखणे आहे. शेण वाईट नाही, ते शेतात सोने आणि नदीत विष, एवढाच फरक. त्यावर मुलांच्या बोलण्याने काही होणार नाही, तिथे मोठ्यांनीच बसावे लागेल. मलवाहिनीच न पोहोचलेल्या वस्त्यांचेही तसेच. त्यांना दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही. आपल्या इमारतीत मलवाहिनी असून आपण दुसऱ्या पाइपात पाणी सोडतो.

ज्यांच्या जिवावर हे चालले त्यांचे ऋण मानल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नावे छापत नाही. मागच्या वर्षी एक नाव राहिले आणि तीन महिने अबोला सोसला. पण ओळखायचे ते ओळखतीलच. पोळीभाजी केंद्राच्या काकू, ज्यांनी सलग पाच वर्षे मुलांचा डबा खर्चाच्या दराने दिला आणि शेवटच्या वर्षी तेवढेही घेतले नाहीत. भजनी मंडळाच्या बायका, ज्यांनी भिशीचा एक पूर्ण हप्ता फेरीला दिला, त्यातून गमबूट आले. रिक्षा स्टँडवरचे सहाजण, जे पाय दुखणाऱ्या मुलांना मीटर न टाकता खाडीपर्यंत सोडतात. मराठीच्या बाई, ज्यांनी पतीच्या पहिल्या वर्षश्राद्धाला जेवणावळ न घालता कपाट दिले. आणि गावठाणातल्या मावशी. त्यांना मुलांपुढे बोलायला बोलावले, तर त्यांनी खाडीत मिळणारी बोई, चिखलात उड्या मारणारी निवटी, घरच्या जाळ्याची लांबी, सगळे हातवारे करून सांगितले. मानधनाचे पाकीट पुढे केले तेव्हा त्यांनी ते परत केलेच, वर कनवटीचे ५०० रुपये काढून ठेवले. "पोरांना पानी दाखवा," म्हणाल्या. ती नोट खात्यात भरताना खजिनदारांचा हात जड झाला होता.

आता हिशोब. यंदा ६ शाळा, सातवी ते नववी, प्रत्येकी ४० म्हणजे २४० मुले. बस, डबा, हातमोजे, नोंदवही धरून एका मुलामागे ३५० रुपये, म्हणजे ८४,००० रुपये. चाचणीचे साहित्य २२,०००. एकूण १,०६,०००. शिल्लक ३१,०००. कमी पडतात ७५,०००. एका मुलाचा खर्च उचलला तरी पुरे. कार्यालय संध्याकाळी ७ ते ९, सोमवारी बंद. चेक मंडळाच्या नावाने, क्यूआर कोड दारावर चिकटवला आहे (वरचा, खालचा क्रिकेटच्या स्पर्धेचा आहे, मागच्या वेळी गोंधळ झाला). रोख फक्त खजिनदारांकडे, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. ८०जीची (देणगीवरच्या आयकराची) सवलत नाही, अर्ज माझ्याकडून राहिला. जुने गमबूट चालतील, ४ ते ७ नंबर. रविवारी बरोबर चालायला १५ मोठी माणसे हवीत, त्यांत निदान एक डॉक्टर किंवा नर्स. सप्टेंबरच्या चौथ्या रविवारी, जागतिक नदी दिनाला, सायंकाळी ६ वाजता वाचनालयात पूर्वतयारीची बैठक. चहा आहे.

आणि पैशांपेक्षा मोठे मागणे. ज्या सोसायट्या मुलांना आवारात येऊन पावसाचे पाइप पाहू देतील, लाल रंगाचा प्रयोग करू देतील, त्यांनी कमिटीच्या सहीचे दोन ओळींचे पत्र द्यावे. कोणाच्या घराचा नंबर बाहेर जाणार नाही. मुले फक्त किती पाइपांतून रंग आला ते लिहितात, आणि प्लंबरकडून एक नळी बदलून घ्यायला काय पडते ते सांगतात. आतापर्यंत तीन पत्रे आली आहेत. आपल्या भागातल्या इमारती मोजायला मी बसत नाही.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)

ता. क. मागच्या फेरीनंतर निळी बादली आणि तिची नायलॉनची दोरी कोणीतरी घरी नेली आहे. गॅलरीच्या दांडीवर ती दोरी मी पाहिली आहे, कपडे वाळत होते. कार्यालयाच्या दाराशी आणून ठेवावी, कोणी काही विचारणार नाही.