एर्लितोऊची दीडशे वर्षं

प्रिय मध्या,

सहा महिने उत्तर नाही म्हणून शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत बरी, गोळ्या चालू, गुडघा होता तिथेच आहे. लिहायचं कारण वेगळं. चीनमधल्या एर्लितोऊ या उत्खननस्थळावरचा तुझा मजकूर न वाचताच मी फोनवर “झकास” म्हणालो होतो. काल वाचला. पहिल्या ओळीत “इ.स.पू. १९०० ते १५००” आणि लगेच खाली “म्हणजे श्या राजवंश कार्बन-१४ने सिद्ध झाला”. (श्या म्हणजे परंपरेने चीनचा पहिला मानला जाणारा राजवंश, शांग त्यानंतरचा.) नंदूला सांगितलं तर म्हणेल, दीडशे वर्षांनी कुणाचं काय बिघडतं? काय बिघडतं ते तुलाच कळेल, म्हणून हा कागद. (आणि ‘श्या’ लिहिलंस ते बरं केलंस. ‘शिया’ छापलं असतंस तर वाचक भलतीकडेच गेला असता.)

१९०० हा आकडा तू कुठून उचललास ते मला ठाऊक आहे, जुन्या सगळ्या पुस्तकांत तोच आहे. १९५९ मध्ये संशोधक शू शूशंग श्यांची राजधानी शोधत हनानात फिरले, लोयांगजवळ यान्शीला एर्लितोऊ सापडलं, आणि तेव्हापासून प्रत्येक तारीख श्यांच्या मापाने मोजली जाते. १९९६ ते २००० च्या श्या-शांग-चौ कालक्रम प्रकल्पात एर्लितोऊची सुरुवात इ.स.पू. १८८० च्या आसपास आली. २००७ मध्ये चांग श्वेलियन, चिऊ शिहुआ आणि मंडळींनी पुन्हा मांडणी केली, तेव्हा वस्तीचा पहिला टप्पा इ.स.पू. १७५० च्या अलीकडे आला आणि चौथा १५३०-१५२० च्या सुमाराला संपला. माती तीच, टप्पे तेच चार. मग वर्षं गेली कुठे?

इथे नीट वाच, तुझा सगळा घोळ इथेच आहे. ३४०० अधिक-उणे ३० वर्षं अशी एक सुटी तारीख कॅलिब्रेट केलीस, म्हणजे कार्बनचं वय ठरलेल्या वक्रावरून खऱ्या वर्षांत बदललंस, तर दीडेकशे वर्षांचा पट्टा मिळतो. इ.स.पू. १६२० ते १५४० च्या दरम्यान तर तो वक्र जवळजवळ आडवा झोपलाय. सांतोरिनीच्या ज्वालामुखीवाले याच पट्ट्यात वर्षानुवर्षं डोकी फोडून घेतायत. म्हणून सुटी तारीख न घेता थरांचा क्रम संगणकाला सांगायचा: हा खालचा, हा वरचा, तारखा उलट्या येऊ देऊ नकोस. मग पट्टे एकमेकांना दाबून अरुंद होतात. पण सगळ्यात खालच्या टप्प्याला खालून दाबणारं कुणी नसतं. एसटीच्या बाकड्यावर कडेला बसलेला माणूस आठव. शेजारी कुणी नसेल तर ऐसपैस पसरतो, चौथा आला की आवरून बसतो. एर्लितोऊचा पहिला टप्पा तसा मागे पसरला होता. २००७ मध्ये त्याच्या आधीच्या शिनचाय वस्तीचे नमुने साखळीत घातले आणि तो आवरला. शिनचायची हाडं बीजिंग आणि व्हिएन्ना अशा दोन ठिकाणी मोजली होती, त्यामुळे एकाच यंत्राची चूक म्हणायलाही जागा नाही.

आता कार्बन-१४चं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा व्हायला लागणारा काळ: ५५६८ वर्षं की ५७३०. हसू नकोस. आपल्या इनामगावच्या उत्खननातल्या तारखांवरून त्या रात्री तू मला उपाशी ठेवलंस, तेच भांडण. चूक माझी होती हे आज लेखी देतो, पण तुझ्याही मजकुरात तोच खड्डा आहे. चीनमधल्या जुन्या तारखा, म्हणजे ज्यांच्यापुढे ‘झेडके’ लिहिलेलं असतं त्या, ५७३० वर्षांचं अर्धायुष्य धरून छापलेल्या आहेत. १९६५ मध्ये चिऊ शिहुआ आणि त्यांच्या पत्नी त्साय लिएनचन यांनी या ‘झेडके’ तारखा काढणारी लॅब उभी केली. आजचा वक्र मात्र ५५६८ धरून मोजलेलं वय मागतो. म्हणून जुना आकडा आधी १.०२९ ने भागायचा, मगच वक्रात घालायचा. न भागता ३५०० घातलास तर खरं वय ३४०० असताना शंभर वर्षं फुकट मागे गेलास. तुझ्या तक्त्यातल्या पहिल्या तीन ओळींत नेमकं हेच झालंय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या ‘टीएफ’ तारखांनाही तोच नियम: आधी अर्धायुष्य बघ, मग आकडा.

तिसरी गोष्ट, कोळसा. मोठ्या तुळईचा कोळसा घर जळाल्याची तारीख देत नाही. खोडातल्या ज्या वर्षकड्याचा तुकडा हातात आला, ते कडं वाढलं तेव्हाची देतो. गाभ्याचा तुकडा असला तर शे-दोनशे वर्षं आधीचा निघतो. त्यात राखेचा खड्डा म्हणजे खालच्या थरातलं उकरून वर आलेलं सामान, शिवाय घुशींची बिळं. म्हणून एका मोसमाचं काहीतरी हवं. सगळ्यात उत्तम राळ्याचे जळके दाणे. होय, आपलाच राळा, उत्तर चीनचं तेव्हाचं मुख्य धान्य. माती पाण्यात ढवळली की दाणे वर तरंगतात, बारीक चाळणीत धरायचे. एक दाणा जेमतेम मिलिग्रॅमभर आणि धुण्यात निम्मा जातो, म्हणून एकाच खड्ड्यातले दहा-पंधरा तरी घे. धुण्याची पद्धत तुला पाठ आहे: आम्ल, अल्कली, पुन्हा आम्ल. शेवटचं आम्ल टाळायचं नाही, कारण अल्कली हवेतला आजचा कार्बन डायऑक्साइड ओढून घेते.

पण राळ्याची एक खोड आहे, आणि यासाठीच मी रात्री उठून दिवा लावला. राळा, ज्वारी, बाजरी, मका ही एका पद्धतीची झाडं, गहू-भात दुसऱ्या. पहिल्यांत जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, जास्त असतो. वय मोजताना कार्बन-१३चं प्रमाण हजारी उणे २५ वर आणून दुरुस्ती करायची असते, दर एककाला सुमारे सोळा वर्षं. राळा खाणाऱ्या माणसाच्या हाडात ते उणे ९ च्या आसपास निघतं. सोळा एककांचा फरक, म्हणजे अडीचशे वर्षं! दुरुस्ती विसरलास तर हाड अडीचशे वर्षांनी तरुण दिसतं. जुन्या तक्त्यात हाडाची तारीख दिसली आणि पुढे कार्बन-१३चा रकाना रिकामा असला तर ती ओळ सोडून दे. कोळसा मागे ओढतो, हाड पुढे, आणि दोन्हींची सरासरी काढून “छान जुळतंय” म्हणणारे मी पाहिलेत. तुझं नाव घेत नाही.

हाडाचं थोडं आणखी. लांब हाडाचा घट्ट भाग, अर्धा ग्रॅम पुरे. पूर्वी यालाच अर्धा किलो हाड मागायचे, आता मोजायला एक मिलिग्रॅम कार्बन लागतो. पातळ आम्लात थंड ठेवलं की खनिज विरघळून ओल्या डिंकासारखं अर्धपारदर्शक काहीतरी उरतं. मग अल्कलीत थोडा वेळ. त्यानंतर किंचित आंबट पाण्यात सत्तर-पंचाहत्तर अंशांवर रात्रभर, गाळायचं, गोठवून सुकवायचं. पांढरं, कापसासारखं आलं तर देव पावला. तपकिरी आलं तर मातीतलं ह्युमिक आम्ल अजून आत आहे. वजनाने एक टक्क्याहून कमी कोलॅजन (हाडातलं हे प्रथिन) निघालं, किंवा कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर २.९ ते ३.६ च्या बाहेर गेलं, तर मोह आवर आणि टाकून दे. आणि डिंक लावून जोडलेलं हाड पाठवू नकोस. पेट्रोलियमपासून केलेल्या चिकट द्रव्यात कार्बन-१४ शिल्लकच नसतो, एक टक्का राहिला तर ऐंशी वर्षं वाढतात. उलट आजचा एक टक्का कार्बन मिसळला तर या वयाला चाळीसेक वर्षं कमी होतात. म्हणून अॅल्युमिनियमची पुडी, कापूस नको, वर्तमानपत्र तर नकोच.

आता तुझी दुसरी ओळ. कालक्रम प्रकल्पाने श्यांची सुरुवात इ.स.पू. २०७० आणि शांगांची १६०० धरली. एर्लितोऊ १७५० ला सुरू होत असेल तर श्यांचा फार तर उत्तरार्ध तिथे बसतो, आणि १६०० नंतरही वस्ती चालूच राहते. २०१६ मध्ये पीत नदीच्या इ.स.पू. १९२० च्या महापुराची, लाजिया या स्थळावरच्या मुलांच्या हाडांवरून काढलेली तारीख आली आणि सगळे म्हणाले, बघा, श्यांचा संस्थापक मानला जाणारा राजा यू, त्याचा पूर! त्यांनीही एर्लितोऊसाठी १९०० च धरलं होतं. तिथे १९९९ पासून वीस वर्षं उत्खननाचे प्रमुख असलेले शू होंग श्यांचं नाव घ्यायला कचरतात, कारण नाव कोरलेला एकही लेख सापडलेला नाही. कोळशावर राजाचं नाव नसतं, मध्या. प्रासादाचे चौथरे, काशाची भट्टी, २००२ मध्ये मिळालेला दोन हजारांहून अधिक फिरोज्यांचा ड्रॅगन, यात सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आणि हवं तर एवढं जोड, की तिथली वस्ती शेवटाकडे येत असताना आपल्या घोड नदीकाठी इनामगावला माळवा संस्कृतीची घरं उभी राहत होती. वाचकाला हे श्यांपेक्षा जास्त आवडेल.

मग ओळ अशी घाल: “थरांच्या क्रमासह मोजलेल्या कार्बन-१४ तारखांनुसार एर्लितोऊ साधारण इ.स.पू. १७५० ते १५२० या काळातलं. ते श्यांचं की नाही, हे तारीख सांगत नाही.” तक्त्यात ‘बीपी’चा अर्थ १९५० पूर्वी, हेही लिही. मागच्या वेळी तू २००० धरलं होतंस.

लेकीच्या लग्नाला येऊ शकलो नाही, राग ठेव पण फार नको. वहिनींना सांग, पंचा पोचला. तुझं ते सांध्यांचं काय झालं, खरंच दाखवलंस का? बापटसरांना फोन कर, ते विचारत होते.

प्रूफं शुक्रवारच्या आत परत जायला हवीत. १९०० पेन्सिलीने खोडू नकोस, शाईने खोड. आपला टाइपसेटर पेन्सिल वाचत नाही.

तुझा,
अन्या