खडकावरचा तो डाग पुसू न दिल्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरलेली असताना, मी आपल्याला घाबऱ्याघुबऱ्या फोन केला होता. माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधला तांबडा मशरूम कोरल, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा चकतीसारखा मऊ समुद्री जीव, जागेवरून दोन बोटे सरकला होता आणि तो आधी जिथे बसला होता तिथे खडकाला त्याच्या मांसाचा पातळ डाग चिकटून राहिला होता. दुकानदाराने फोटो पाहून ‘सडला आहे, घासून टाका’ असे सांगितले होते, आणि ब्रश खरोखरच माझ्या हातात होता. आपण यात्रेच्या गर्दीतून वाट काढत जुळे सोलापूरला आलात, आधी ओंजळभर पाणी घेऊन त्याचा वास पाहिलात, मग टॉर्च डागावर धरून मला जवळ बोलावलेत. सडणाऱ्या मशरूमच्या कडा विरघळतात आणि पाण्याला दुर्गंधी येते. इथे कडा घट्ट आहेत आणि पाण्याला काही वास नाही, म्हणजे हे मरण नसून बाळंतपण आहे, असे आपण म्हणालात.

मशरूम कोरल सरकताना तळव्याचा तुकडा मागे सोडतो आणि त्या तुकड्यातून पूर्ण नवा जीव वाढतो, हे मला ठाऊक नव्हते. दगडी प्रवाळांसारखा चुन्याचा सांगाडा त्याला नसल्यामुळे त्याचे मांस सहज तुटते आणि तितक्याच सहज भरून येते. तिसऱ्या आठवड्यात त्या डागाच्या मध्यभागी मसुरीएवढी चकती वर आली आणि भिंगातून पाहताना तिच्या मधोमध टाचणीने टोचल्यासारखे इवलेसे तोंड दिसले, तेव्हा मी आईला स्वयंपाकघरातून ओढत आणले होते.

पुढे मूळ मशरूमचे तोंड लांबट होऊन त्याची दोन तोंडे झाली आणि काही आठवड्यांत चकती मधोमध विभागली गेली. त्या वेळीही आपण धीर दिलात. समुद्रात हे जीव अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडूनही वाढतात, पण घरच्या टँकमध्ये ते क्वचितच पाहायला मिळते. आपल्याकडे जी पिलावळ दिसते ती बहुतेक एकाच जिवाची हुबेहूब रूपे असतात, हे आपण इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेत की माझ्या धाकट्या भावालाही ते समजले.

उन्हाळ्याचे आभार वेगळे मानायला हवेत. सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो आणि पाणी थंड करणारा चिलर मला परवडणारा नव्हता. पाण्यावर पंखे लावले की पाणी थंड राहते, पण ते भराभर उडते आणि मीठ मात्र मागे उरते. म्हणून भर घालताना मिठाचे पाणी न वापरता साधे आरओचेच पाणी घालावे, ही आपली एक सूचना नसती तर क्षारता वाढून सगळे गेले असते. रोज संध्याकाळी घनता १.०२५ आहे ना, हे मी आजही तपासते.

आणि तो कापण्याचा दिवस! हातमोजे आणि चष्मा घालून आपण काचेच्या तुकड्यावर एक मशरूम ठेवलात आणि नव्या पात्याने थेट तोंडावरून कापलात, जेणेकरून दोन्ही भागांना तोंडाचा वाटा मिळून ते लवकर भरून यावेत. बुळबुळीत मांसावर गोंद टिकत नाही म्हणून ते तुकडे वाटीत खडीवर ठेवून वर जाळी बांधलीत आणि वाटी टँकमध्ये संथ प्रवाहाच्या, मंद उजेडाच्या कोपऱ्यात ठेवायला सांगितलेत. दोन्ही तुकडे जगले.

आपण एक पैसाही घेतला नाहीत, प्रवासखर्चसुद्धा. आता माझ्याकडे अकरा मशरूम आहेत आणि त्यांतला एक आपल्यासाठी वाटीत वेगळा ठेवला आहे. त्याने खडा पक्का धरेपर्यंत हलवू नये, असे आपणच शिकवले आहे. म्हणून तो घेऊन येण्यासाठी आणखी आठवडाभर थांबते आहे.

आपली ऋणी,
जुळे सोलापूरची मत्स्यालयवाली